उंबऱ्यावरचं चारशे दहा किलोंचं जनावर

सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, टूथब्रश तोंडात असताना, मला कळलं की आमच्या घरात एक गाभण जनावर राहतं आणि त्याचं वजन अंदाजे चारशे दहा किलो आहे.

आमचं घर म्हणजे नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. राहणारे तिघं. मी, हर्षल देवरे, वय एकतीस. माझी सिंधूआत्या, वय एकोणसत्तर. आई-बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. आणि सुपारी नावाची साडेतीन किलोची मांजर. तिघांपैकी कुणीही गाभण असण्याची शक्यता नव्हती, सुपारीचंसुद्धा ऑपरेशन चार वर्षांपूर्वीच झालेलं होतं. तरी पडद्यावर हिरव्या अक्षरांत स्वच्छ लिहिलं होतं: 'प्राणी क्रमांक दोन. अनोळखी. मादी. शाकाहारी. वय अंदाजे सहा वर्षं. गर्भ अंदाजे पाच महिन्यांचा.'

मी चूळ भरून पुन्हा वाचलं. तेच होतं.

"आत्या, आपल्याकडे कुणी पाहुणी आलीय का?"

"कोण पाहुणी?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"चारशे दहा किलोंची आहे म्हणे."

आत्याने आतून भांडं आपटलं. मग म्हणाली, "तुझं ते नाकाड आधी दुरुस्त कर. आणि सुपारीने तुझ्या दारात आजही केलंय, पाय सांभाळून टाक."

नाकाड म्हणजे आमचं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव गंधवाचक, पण प्रयोगशाळेत आम्ही सगळे त्याला नाक्याच म्हणतो. २०३२ पासून सहा वर्षं मी त्याच्यामागे आहे. लग्नाचं वय त्याच्यापायी निघून चाललंय, असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

नाक्याचं काम सांगायला सोपं आहे. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणारी शेकडो प्रकारची प्रथिनं असतात. त्यातली सहाशे आम्ही जिवाणूंकडून तयार करून घेतली आणि नखाएवढ्या चिपवर, तेलकट पापुद्र्यात एकेक करून बसवली. वासाचा रेणू येऊन एखाद्या प्रथिनाला चिकटला की त्या जागी विजेचा प्रवाह किंचित बदलतो. एक वास एकाच जागी चिकटत नाही, दहावीस ठिकाणी कमीजास्त चिकटतो. वर्गात कोणकोणत्या मुलांनी हात वर केले ते पाहून बाईंनी कुठला प्रश्न विचारला असेल ते ओळखायचं, तसं हे यंत्र सहाशे जागांवरून वास ओळखतं.

आणि वासांमध्ये आम्ही निवडला तो लघवीचा. लोक नाकं मुरडतात, पण मला तर त्याच्यासारखी मजेची गोष्ट जगात दुसरी दिसत नाही. आपल्याला तो डाग वाटतो. प्राण्याला मात्र त्यात सगळा मजकूर असतो: कोण आलं होतं, नर की मादी, किती वयाचं, आजारी की धडधाकट, घाबरलेलं की माजलेलं, आणि किती वेळापूर्वी. मांजर सोफ्यावर मुतलं की माणूस म्हणतो, सूड घेतंय, वळण नाही, द्या सोडून मंडईत. दरवर्षी कितीतरी प्राणी या एका कारणासाठी रस्त्यावर येतात. त्यांना मूतखड्याचा त्रास आहे, की खिडकीबाहेरच्या बोक्याची भीती वाटतेय, हे कुणी विचारतच नाही. नाक्या विचारणार होता आणि उत्तर मराठीत देणार होता!

चाळीस घरांत चाचणी चालू होती. चाळिसावं घर माझंच, कारण गेल्या फेब्रुवारीपासून आमची गुणाची सुपारी रोज सकाळी एकाच जागी लघवी करत होती. माझ्या खोलीच्या दारात जी संगमरवरी पट्टी आहे, जिला आत्या उंबरा म्हणते, तिच्यावर आणि बाजूच्या चौकटीवर. दुसरीकडे कुठेही एक थेंब नाही. व्हिनेगर झालं, साबण झाला, संत्र्याची सालं झाली, डॉक्टरांनी तपासून मांजर ठणठणीत असल्याचं सांगितलं. म्हणून गेल्या आठवड्यात पट्टीशेजारी एक नाक्या बसवला होता, आणि सोमवारी त्याचा पहिला अहवाल आला.

दुपारी प्रयोगशाळेत शेहनाज मुकादम मॅडमनी बोलावलं. त्या प्रकल्पाच्या प्रमुख. सगळ्या घरांचे आकडे थेट त्यांच्या टेबलावर जातात.

"हर्षल, तुमच्या घरात म्हैस आहे?"

"नाही मॅडम."

"मग आपल्या यंत्रात म्हैस आहे." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "वीस तारखेला निधीची समिती येतेय. प्रत्येक घराचा कागद त्यांच्यासमोर जाणार, घरमालकाच्या सहीसकट. बाकीची एकोणचाळीस घरं चोख आहेत, पण त्यांनी हा चारशे दहाचा आकडा पाहिला की बाकी कुणी काही बघणार नाही. हसतील आणि उठतील. प्रकल्प गुंडाळावा लागेल, कळतंय ना?"

"मी चिप बदलतो, मॅडम."

"चिप बदला, घर बदला, काय वाटेल ते करा. पण म्हैस असली तर दाखवा आणि नसली तर कारण दाखवा."

मी चिप बदलली. मंगळवारी सकाळी नाक्या म्हणाला, चारशे बारा किलो, गाभण. मी दुसऱ्या कारखान्यातली तिसरीच चिप बसवली. बुधवारी आकडा आला चारशे आठ. आता मात्र माझ्या अंगावर काटा आला. तीन वेगवेगळ्या चिप ठरवून एकच थाप कशाला मारतील? म्हणजे यंत्र बरोबर होतं. म्हणजे जनावर होतं!

मी वेळा काढून पाहिल्या आणि खुर्चीवरून उठूनच उभा राहिलो. रोज सहा वाजून दहा-बारा मिनिटांनी उंबऱ्यावर प्राणी क्रमांक दोनची ताजी खूण येत होती. रोज साधारण साडेसहाला सुपारी येऊन त्यावर स्वतःची खूण करत होती. एकही दिवस आधी सुपारी आणि मग ते जनावर, असं झालेलं नव्हतं. सुपारी खोडी काढत नव्हती, ती उत्तर देत होती! आपल्यापेक्षा शंभरपट मोठं कुणीतरी रोज पहाटे येऊन दारात सही करून जातंय, आणि ही साडेतीन किलोची बाई रोज त्याच्या सहीवर आपली सही ठोकतेय, की घर माझं आहे, चालता हो. मला तिला उचलून नाचावंसं वाटलं. नाचलोही थोडा.

पण खूण येत होती कुठून? सहा ते साडेसहा मी गच्चीवर असतो. जानेवारीत फाट्यावर खडीवरून माझी बाईक घसरली, गळपट्टीचं हाड मोडून त्यात धातूची पट्टी बसवावी लागली, डोक्यालाही मार होता. सहा दिवस रुग्णालयात काढले. तेव्हापासून रोज सकाळी गच्चीवर खांद्याचे व्यायाम करतो. म्हणजे जे काही होत होतं ते माझ्यामागे होत होतं.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. आत्या भाजीला गेल्यावर हातात धरायचा छोटा नाक्या काढला आणि त्याला प्राणी क्रमांक दोनचा वास शोधायला लावलं. उंबऱ्यावर आकडा शंभर. मी वाकून, टाचा उचलून, स्वतःच्याच घरात चोरासारखा निघालो. हॉलमध्ये आकडा सात. स्वयंपाकघराकडे वळलो तर तीन. मागे आलो. आत्याच्या खोलीच्या दारात अठरा, पलंगाशी तीस, कपाटापाशी सत्तर! आत्याच्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा मी उघडला.

हा कप्पा मला लहानपणापासून पाठ आहे. आत्याने नगरपालिकेच्या शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवलं. सुट्टीच्या दिवशी ती गावोगावी जाऊन बुवाबाजीच्या युक्त्या उघड्या पाडायची. लिंबातून रक्त कसं काढतात, हळदीच्या पाण्याचं कुंकू कसं होतं, जिभेवर कापूर कसा जाळतात, हे सगळं देवरे बाई पोरांकडून करून घ्यायच्या. त्याचं सामान त्या कप्प्यात असतं. परीक्षानळ्या, लोहचुंबक, चुन्याची डबी. त्या सगळ्यामागे एक फवाऱ्याची बाटली होती. तिच्यावर आत्याच्या सुबक अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'ऊर्ध्वपातित जल'.

मी झाकण उघडलं. त्याला नाक्याची गरज नव्हती, माझं नाक पुरे होतं. ते गोमूत्र होतं.

मला हसू फुटलं. आवरेना. देवरे बाईंच्या कपाटात गोमूत्र, तेही ऊर्ध्वपातित जलाच्या बाटलीत! मी जमिनीवर बसून हसत होतो आणि वर पाहिलं तर दारात आत्या. हातात मेथीची जुडी.

"हस," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर टाळ्या पिटल्या असत्या."

तिचा चेहरा पाहून माझं हसू गेलं.

"आत्या, हे कशासाठी?"

ती पलंगाच्या कडेला बसली. जुडीची दोरी सोडत, माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "जानेवारीत तुला रुग्णालयात आत नेलं आणि तुझं हेल्मेट माझ्या हातात दिलं. भेगाळलेलं. तुझे आई-बाप रस्त्यावरच गेले, हर्षल. सहा दिवस मी ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. तू घरी आलास त्यानंतर मथुराबाईकडे दूध आणायला गेले. ती म्हणाली, बाई, घराला नजर लागलीय, पोराच्या उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडत जा. मी तिला तिथंच उभं राहून दहा मिनिटं सुनावलं. नजर म्हणजे काय, पुरावा काय, सगळं. आणि निघताना बाटली घेऊन आले."

"मग?"

"मग काय. पहिल्या दिवशी शिंपडलं आणि संध्याकाळी तू धड घरी आलास. दुसऱ्या दिवशी न शिंपडण्याची हिंमत होईना. योगायोग आणि कारण यात फरक असतो, हे मी हजारो पोरांना शिकवलंय. मला कळत नव्हतं असं नाही रे. पण रोज सकाळी तुझं हेल्मेट दिसलं की माझा हात त्या बाटलीकडेच जायचा."

चारशे दहा किलोंच्या जनावरासाठी मी तीन चिप लावून पाहिल्या होत्या, आणि पाच महिने शेजारच्या खोलीत ही बाई रोज सकाळी घाबरत होती ते मला एकदाही दिसलं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला आणि मेथी निवडायला लागली.

पण माझ्यातला संशोधक काही गप्प बसेना. "आत्या, ही गाय कोणती? गाभण आहे का?"

तिने चमकून वर पाहिलं. पाचच मिनिटांत आम्ही दोघं मथुराबाईच्या गोठ्यात होतो. गोठा आमच्या इमारतीमागेच आहे, दोन गायी आणि एक वासरू. मथुराबाई शेण भरत होत्या.

"मथुराबाई, तुम्ही मला देता ते कुठल्या गायीचं?"

"ह्या बिजलीचं. का वं बाई?"

"तिचं वय किती?" मी विचारलं.

"सावं चालू हाये."

"आणि ती गाभण आहे?"

"पाचवा संपत आला बघा. पन पोट तर अजून दिसत न्हाई, तुमाला कुनी सांगितलं?"

मी तिथंच उडी मारली. बिजली दचकून मागे सरली. तिसऱ्या मजल्यावर बसून, शिंपडलेल्या चार थेंबांवरून, नाक्याने गायीचं वय, वजन आणि पोटातलं वासरू ओळखलं होतं! आत्याही सगळं विसरून माझ्या खांद्यावर थापा मारत होती, नेमक्या दुखऱ्या खांद्यावर. "अरे, म्हणजे हे माणसांच्या रक्ततपासणीच्या पुढचं आहे! गुरांच्या दवाखान्यात एकेक ठेवा!" ती ओरडत होती.

जिना चढताना मात्र आम्हा दोघांचेही पाय मंदावले. दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली होती. समितीसमोरच्या कागदावर कारण लिहायचं, आणि खाली घरमालक म्हणून सही करायची ती सिंधू देवरेंनी. नाशिक जिल्ह्यात त्यांना ओळखत नाही असा एक शिक्षक मिळणार नाही. ज्या बुवांची दुकानं तिने बंद पाडली ते तर हा कागद चौकात लावतील.

"मी आपलं घर चाचणीतून काढून टाकतो," मी म्हणालो. "एकोणचाळीस घरं पुरेत. मॅडमना सांगतो की चिप सदोष निघाली."

आत्या दुसऱ्या मजल्यावर थांबली. "काय म्हणालास?"

"कुणाचं काही बिघडत नाही त्याने."

"निरीक्षण लपवणार? माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा निरीक्षण लपवणार?" तिचा आवाज जिन्यात घुमला. वरच्या जोशीकाकूंनी दार उघडून पाहिलं आणि लगेच लावून घेतलं. "आणि नुसतं लिहूनही भागणार नाही. गोमूत्रामुळेच मांजर करतं, हे तू सिद्ध कुठे केलंयस? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच. दहा दिवस शिंपडणं बंद. उद्यापासून."

"जमेल तुला?"

"न जमायला काय झालं," ती म्हणाली आणि भरभर पुढे गेली.

जुनी खूण उरायला नको म्हणून दुपारी तिने उंबरा आणि चौकट स्वतः घासली, आमच्याच प्रयोगशाळेतल्या वासाचे रेणू तोडणाऱ्या द्रवाने. शुक्रवारी सकाळी उंबरा कोरडा होता. सुपारी साडेसहाला आली, हुंगलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तरी सवयीने थोडंसं केलंच. शनिवारीही केलं. रविवारी नुसतं हुंगून बसली. आत्या वहीत लिहीत होती, तारीख, वेळ, निरीक्षण. तिचं अक्षर रोज थोडं वाकडं होत होतं. मी हेल्मेट घालायचो तेव्हा ती मुद्दाम नळ सोडून भांडी घासायला लागायची.

सहाव्या दिवशी, बुधवारी, शहरात कसलातरी मोर्चा होता आणि मी सव्वा तास अडकलो. फोनची बॅटरी संपली होती. संध्याकाळी सात वाजता जिन्यात शिरलो तर आत्या पहिल्या पायरीवर बसलेली. मांडीवर फवाऱ्याची बाटली. मला पाहून ती उठलीच नाही.

"शिंपडलंस?" मी विचारलं.

तिने बाटली माझ्यासमोर धरली. भरलेली होती, गळ्यापर्यंत. "तीनदा उंबऱ्यापाशी गेले," ती म्हणाली. "म्हटलं, आज सहावा दिवस. शिंपडलं तर पाच दिवस फुकट जातील." आणि मग माझ्या शर्टाला धरून ती रडली. आत्याला रडताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी तिला तिथंच कवटाळून उभा राहिलो, वरून खाली जाणारे लोक बाजूने जात राहिले.

सातव्या दिवसापासून सुपारीने उंबऱ्यावर एक थेंबही टाकला नाही. दहाव्या दिवशी तर ती त्याच पट्टीवर पोट पसरून झोपली.

वीस तारखेला समितीचे पाच लोक आले. चाळीस घरमालकांनाही बोलावलं होतं, आत्या पहिल्या रांगेत बसली होती. एकोणचाळीस घरं सुरळीत पार पडली. मग पडद्यावर चाळिसावं घर आलं, आणि अध्यक्ष कोठावदे हसायलाच लागले. "चारशे दहा किलो? हे काय आहे, मुकादम मॅडम?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी उठायच्या आत आत्या उठली.

"ती बिजली गाय आहे. वय सहा, गर्भ पाच महिन्यांचा, जाऊन पाहू शकता. तिचं गोमूत्र मी पाच महिने रोज माझ्या घरात शिंपडत होते. मांजराला वाटलं, मोठं जनावर घर बळकावतंय. शिंपडणं थांबवलं, सातव्या दिवशी मांजर थांबलं. ही वही." तिने वही त्यांच्यासमोर ठेवली.

सभागृहात कुजबुज झाली. एक सदस्य पुढे वाकले. "तुम्ही देवरे बाई ना? लिंबाच्या प्रयोगवाल्या? तुमचा या शिंपडण्यावर विश्वास होता?"

"एक दिवसही नव्हता," आत्या म्हणाली. "भीती मात्र रोज वाटायची."

कुणी हसलं नाही. कोठावदेंनी वही पहिल्या पानापासून वाचली, मग पुन्हा वाचली, आणि मग ते जे प्रश्न विचारायला लागले ते थांबेचनात. अनोळखी प्राणी ओळखतं? गर्भ ओळखतं? किती अंतरावरून? आणखी काय काय? मॅडमचे डोळे चमकत होते, मी बसल्या जागी पाय हलवत होतो. तासाभरात निर्णय झाला. चाळीस घरांची पाचशे घरं, आणि गुरांच्या दवाखान्यांसाठी वेगळा प्रकल्प!

शेवटी सह्यांचे कागद फिरले. आमच्या घराच्या कागदावर 'प्राण्याच्या वर्तनाचं कारण' असा रकाना होता आणि त्यात मी टाइप केलं होतं: 'दुसऱ्या प्राण्याची खूण.' आत्याने चष्मा लावून वाचलं. "उत्तर अपुरं आहे," असं म्हणून तिने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्याखाली लिहिलं: 'ही खूण मी केली. भाचा संध्याकाळी घरी परत येणार नाही, या भीतीने.' खाली पूर्ण सही केली, सिंधू काशिनाथ देवरे, निवृत्त विज्ञान शिक्षिका, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो वाचला, आणि पाच सदस्य, चाळीस घरमालक आणि मुकादम मॅडम यांच्यासमोर मला हुंदका आला.